मॅजिक किंगडममध्ये मेतकूट-भात

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मे महिन्याच्या अखेरीस चार दिवस ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला निघालोय. लेक दोन वर्षं दहा महिन्यांची आहे. तीन पूर्ण व्हायच्या आत जाऊन आलं की तिचं तिकीट लागत नाही, म्हणून ही घाई. सासू-सासरे पुण्याहून आलेत, तेही बरोबर आहेत. अडचण एकच, पोरगी काही म्हणजे काही खात नाही. साधा वरणभात, दही, केळं, तूप लावलेली पोळी आणि मारी बिस्किट, एवढ्या पाचच गोष्टी चालतात. वरणात मोहरीचा दाणा दिसला तरी ताटली ढकलून देते. घरी मोबाइल लावून कसेबसे घास घालते. वर दिवसातून चार वेळा दूध. तिथे घरचं खाणं नेऊ देतात का? गरम कुठे करायचं? आणि चार दिवस ती जेवलीच नाही तर? सासूबाई म्हणतात, लेकराला उपाशी फिरवण्यापेक्षा जाऊच नका. नवऱ्याने तर पूह या कार्टूनमधल्या अस्वलाबरोबर जेवायचं बुकिंगसुद्धा करून ठेवलंय. ते ठेवू की रद्द करू?
– वैतागलेली आई, एडिसन

नेऊ देतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच शब्दात दिलं, म्हणजे तुझा निम्मा जीव तरी भांड्यात पडला असेल. डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत घरचा डबा चालतो. अटी मोजक्याच आहेत. काचेचं भांडं नको, बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या तेवढ्या चालतात. सुटा बर्फ आणि ड्राय आइस नको, गोठवलेल्या जेलच्या पिशव्या चालतात. आणखी एक कलम आहे, उग्र वासाचं काही आणू नये. ते वाचलं की मला वाटतं, हे नक्की कुणीतरी आपल्या मुळ्याच्या पराठ्यांचा डबा उघडलेला पाहून घातलं असणार. दारावर पिशव्या तपासतात. डबा वरच ठेवायचा, मुलीचं खाणं आहे म्हणायचं आणि पुढे सरकायचं. विमानतळावरही तेच. पोळ्या, बिस्किटं यांना कुणी हात लावत नाही. दही किंवा दूध शंभर मिलिलिटरच्या वर असलं तरी लहान मुलासाठी म्हणून बेताचं नेता येतं, फक्त पिशवी पट्ट्यावर ठेवायच्या आधी सांगायचं.

पण नेऊ देतात म्हणून वाटेल ते न्यायचं नसतं, हे मी अंगाशी आल्यावर शिकले. माझा मुलगा तेव्हा असाच अडीच वर्षांचा, आणि आई भारतातून आलेली. तिने पहाटे पाचला उठून दहीभात कालवला. भातात दूध सढळ हाताने आणि दही चमचाभरच, म्हणजे दुपारपर्यंत हळूहळू लागतं आणि आंबट होत नाही. एस.टी.च्या प्रवासात तिचं हे गणित कधी चुकलेलं नव्हतं. पण ते पुणे-सोलापूरचं गणित होतं, फ्लोरिडाच्या जूनचं नव्हे. साडेबाराला मॅजिक किंगडम या पार्कातल्या किल्ल्यासमोरच्या कठड्यावर बसून मी डबा उघडला, तर झाकणच फुस्स करून वर आलं. भातावर बारीक बुडबुडे. आईने बोटाने चाखलं, तोंड वाकडं केलं आणि तरीही म्हणाली, "तसं फार काही झालेलं नाहीये." मी डबा कचऱ्याच्या टोपलीत उलटा केला. आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पोरगा फ्रेंच फ्राइजवर जगला.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा साधा दंडक आहे. नासणारं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि हवा ९० फॅरनहाइटच्या वर गेली असेल तर एकच तास. मे अखेरीस ऑरलँडोत दुपारी पारा तिथे टेकतोच. भाताचं दुखणं तर आणखी वेगळं आहे. त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून 'मायक्रोवेव्हमध्ये कडकडीत तापवू, मग काय होतंय' हा उपाय इथे लागू पडत नाही.

तेव्हा भात न्यायचाच नाही. कोरडा माल न्यायचा आणि भात तिथे करायचा. अमेरिकन सुपरमार्केटात शिजवलेल्या भाताच्या सीलबंद वाट्या मिळतात, त्यांना फ्रीज लागत नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात तयार होतात. साधा पांढरा बघून घे, घाईत लसूण-लोणीवाला उचलू नकोस. एका डबीत मेतकूट, दुसऱ्या डबीत तूप. तुपाची डबी फिरकीच्या झाकणाची हवी, कारण तिथे ते पातळच होणार आणि मग तुझी पिशवी, डायपर आणि नकाशा सगळ्यालाच लोणकढीचा वास. भात तापवताना दोन चमचे पाणी घाल. हा विकतचा भात मोकळा असतो आणि आपल्या पोरांना लागतो गुरगुट्या. चमच्याने दाबून मऊ कर, मेतकूट भुरभुरव, वर तूप. रंगाने वरणभाताच्या इतका जवळ जातो की तुझी लेक फसण्याची बरीच शक्यता आहे. पण ही परीक्षा तिथे घ्यायची नाही. पत्र वाचून झालं की याच आठवड्यात, तीच वाटी, तेच मेतकूट घरी दोन-तीनदा देऊन बघ. पहिल्यांदा थुंकेल. थुंकू दे. या वयात अनोळखी खाण्याची भीती स्वाभाविक असते आणि एखादा पदार्थ आपलासा व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. तुझ्याकडे तेवढे दिवस नसले तर मेतकूट राहू दे. नुसता तूप-मीठ-भात, बरोबर दह्याची छोटी सीलबंद वाटी जेलच्या पिशवीत, एवढ्यावर भागेल.

वरणाचाच हट्ट असेल आणि तुम्ही ऑरलँडोजवळच्या किसिमीकडे स्वयंपाकघरासकट घर भाड्याने घेतलं असेल, तर थर्मास आहे. रुंद तोंडाचा, स्टीलचा. आधी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवायचं, ओतून टाकायचं, मग उकळतं वरण काठोकाठ. अर्धा थर्मास भरला तर लवकर कोमट होतो. हॉटेलात उतरणार असाल तर हे विसर. डिस्नेच्या साध्या खोलीत छोटा फ्रीज असतो, मायक्रोवेव्ह नसतो. तो खाली फूड कोर्टात असतो.

आणि दशम्या कर. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही, गूळ दुधातच विरघळवून घ्यायचा, आणि पोळीपेक्षा जरा जाड लाटून तुपावर भाजायच्या. गार झाल्या तरी चिवट होत नाहीत, म्हणून तर आपल्या आज्या त्या प्रवासाला बांधून द्यायच्या. तुझी लेक तूप-पोळी खाते म्हणतेस, म्हणजे दशमी तिला परकी वाटणार नाही. दोन बोटांएवढ्या पट्ट्या कापून ने. मात्र फ्लोरिडाच्या दमट हवेत त्या दीड दिवसाच्या वर ठेवू नकोस, पुण्यात तीन दिवस टिकतात हे सासूबाई सांगतील, ते ऐकून घे आणि तरीही टाकून दे.

गरम कुठे करायचं, याचं उत्तर फार कमी लोकांना माहीत असतं. चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहे. मॅजिक किंगडममध्ये मेन स्ट्रीट संपते तिथे डाव्या हाताला, क्रिस्टल पॅलेस या रेस्तराँला लागून. एपकॉटमध्ये ओडिसी नावाच्या इमारतीत, हॉलिवूड स्टुडिओजमध्ये आत शिरल्या शिरल्या, ॲनिमल किंगडममध्ये डिस्कव्हरी आयलंडवर कॉफीच्या दुकानामागे. आत एसी, मायक्रोवेव्ह, सिंक, हाय चेअर, डायपर बदलायला टेबलं, दूध पाजायला वेगळी खोली, आणि दूध-डायपर विसरला असलात तर विकतही मिळतात. आत जायला पैसे काही पडत नाहीत. दहीभाताच्या त्या दुपारीच आम्हाला ही जागा सापडली, तेही पोराचा डायपर भरला म्हणून. बाहेर बँड, माणसांचा पूर, ऊन. आत आलो तर एकदम देवघरात आल्यासारखं शांत. एक बाप सिंकमध्ये बाटली विसळतोय, एक आजी मांडीवरच्या नातवाला थोपटतेय. माझा मुलगा हाय चेअरमध्ये बसला, दोन मिनिटं नुसता पंख्याच्या आवाजाकडे कान लावून होता आणि मग आपणहून म्हणाला, "भूक." त्या वेळी माझ्याकडे द्यायला अर्ध्या केळ्याशिवाय काही नव्हतं! भाताच्या वाट्यांची अक्कल त्याच रात्री सुचली.

त्या 'भूक' शब्दावर मी पुढे बराच विचार केला, आणि तुझ्या पत्रातली खरी गोम तिथे आहे असं मला वाटतं. पार्कात मुलं उपाशी राहत नाहीत. ती दिवसभर चरतात. तुझा पहिला दिवस कसा जाईल, मी सांगते. साडेआठला बोटीत ती कुरकुरली म्हणून बिस्किट. नऊला स्ट्रोलरमध्ये गप्प बसावी म्हणून ज्यूस. डंबोच्या राइडच्या रांगेत क्रॅकर्स. सासूबाईंना राहवलं नाही म्हणून साडेदहाला दूध. समोर गाडी आली म्हणून पॉपकॉर्न. आणि बाराला तुम्ही ट्रे घेऊन टेबल शोधत फिरता, घाम गाळत बसता, तिच्यासमोर किड्स मील ठेवता, आणि ती ताटली ढकलते. मग नवरा म्हणतो हिला सवयच वाईट लागलीये, सासूबाई म्हणतात बघ मी म्हटलं नव्हतं, आणि तू रडकुंडीला येतेस. अगं, ते पोर सकाळपासून जेवतंच आहे की! भूक लागायला त्याला फट कुठे ठेवलीये?

म्हणून डब्यात काय न्यायचं यापेक्षा डबा कधी बंद ठेवायचा, हे ठरव. दिवसातून पाच वेळा बसून खाणं, मध्ये दोन-अडीच तास फक्त पाणी. पाणी मात्र मागेल तितकं, न मागता सुद्धा. ज्या ज्या खिडकीवर मशीनचं कोल्ड्रिंक मिळतं तिथे बर्फाच्या पाण्याचा कप फुकट देतात, मागायचा फक्त. बाटलीवर पैसे घालवू नकोस. ज्यूस या चार दिवसांपुरता घरीच ठेव. दुधाचंही बघ. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ते २० औंस दूध पुरे होतं. तुझे चार कप आठ-आठ औंसांचे असले तर बत्तीस झाले. एवढं दूध पोटात असल्यावर भाताला जागा कुठून असणार? शिवाय दुधात लोह नावालाच असतं, ते जेवणाची जागा खात राहिलं तर रक्त कमी व्हायला लागतं. हे ऑरलँडोपुरतं नाही, परत आल्यावर तिच्या डॉक्टरांशी बोल. सध्या सकाळचा एक आणि झोपतानाचा एक एवढेच कप ठेव.

सकाळचं खाणं खोलीतच आटपायचं. मॅजिक किंगडमला गाडी लावली की दारात पोचलो असं होत नाही, तिथून मोनोरेल किंवा बोट पकडावी लागते, त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि म्हणूनच 'जेवायला गाडीत येऊ' हा बेतही तिथे जमत नाही. दुपारचं जेवण अकराला. हो, अकराला. बाराला सगळं जग जेवायला बाहेर पडतं, आणि तुझी लेक साडेबाराला झोपेने किरकिरायला लागलेली असणार. झोप आलेलं मूल भुकेलं असलं तरी खात नाही, हे तुला ठाऊकच आहे. मॅजिक किंगडममध्ये लिबर्टी स्क्वेअरला कोलंबिया हार्बर हाऊस आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर बरीच शांतता असते. मोठ्यांचं जेवण मोबाइलच्या ॲपवर आधीच मागवून ठेवायचं, म्हणजे रांगेत उभं राहायला नको, आणि तिचा भात बेबी केअरमधून तापवून आणायचा. त्यानंतर स्ट्रोलर आडवा करायचा, वर पातळ ओढणी टाकायची, आणि एकाने सावलीत बसायचं. बाकीच्यांनी तेवढ्यात मोठ्या राइड कराव्यात. रायडर स्विच म्हणून सोय असते. आधी एक जण जाऊन येतो, मग मुलापाशी थांबलेला पुन्हा ती सगळी रांग न लावता जातो. तुझ्या लेकीची उंची ३८ इंचांच्या आत असेल तर सेव्हन ड्वार्फ्सची गाडी तिला मिळणारच नाही, तेव्हा ही सोय तुम्हाला लागेलच.

मोबाइलबद्दल तू विचारलं नाहीस, पण लिहिलंस, म्हणजे मनात आहे. घरी तो बंद करायला हवा, त्यात वाद नाही. पण ही सवय मोडायला हे चार दिवस निवडू नकोस. मुलांना सुधारण्यासाठी सुट्टीइतका वाईट मुहूर्त दुसरा नाही. आणि खरं सांगायचं तर तिथे मोबाइल चालणारही नाही. सगळं पार्कच एक मोठा मोबाइल आहे. मिरवणूक चालू असताना तोंडात घास कोंबू नकोस एवढंच. ती आ वासून बघत असते, घास गालात राहतो आणि मग एकदम ठसका.

ठसक्यावरून आठवलं, यात मात्र मी कडक आहे. पॉपकॉर्न चार वर्षांच्या आत नाही. पार्कभर त्याचा वास आहे, बादल्या गोंडस आहेत, आजोबा घेऊन देतील. नाही म्हणजे नाही. अख्खी द्राक्षं, गोल चकत्या केलेला हॉटडॉग, शेंगदाणे, चिक्की, कडक गोळ्या यांचंही तेच. द्राक्ष उभं चार फोडी करून दे. आणि खाणं नेहमी बसून. पळताना, रडताना आणि राइडवर तोंडात काही नको.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या पिढीत पोर जेवलं नाही तर दोष आईचा आणि तिच्या मागे आजीचा. त्या धास्तीने त्या घास मोजतात. त्यांना दोन गोष्टी सांग. लीन बर्च नावाच्या संशोधक बाईंनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं दिवसाचे चोवीस तास मोजून पाहिलं होतं. एकेका जेवणाला मुलं कधी खूप, कधी काहीच नाही अशी खात होती, पण दिवसाचा हिशेब केला तर आकडा फारसा हलत नव्हता. एका जेवणाची कसर ती दुसऱ्या जेवणाला भरून काढत होती. दुसरी गोष्ट एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. चार दिवस ही वाटणी पाळून बघा म्हणावं.

नुसत्या अभ्यासाने सासूबाई मानतील असं मला वाटत नाही. म्हणून त्यांच्या हातात काम दे. डब्याची पिशवी त्यांच्याकडे. अकरा वाजले की 'चला' म्हणायचा अधिकार त्यांचा. मेतकूट किती, तूप किती, हेही त्याच ठरवणार. ज्या माणसाकडे डब्याची किल्ली असते ते माणूस तो येता-जाता उघडत नाही, असा माझा अनुभव आहे. माझ्या आईला दुसऱ्या दिवशी मी हेच केलं. ती घड्याळाकडे बघत माझ्यापेक्षा कडक झाली. नातवाने सव्वादहाला बिस्किट मागितलं तर म्हणाली, "दुकान बंद आहे."

तिथलं काही विकत घेऊच नये असं मी म्हणत नाही. सकाळी हॉटेलात मिकीच्या तोंडाचं वॉफल मिळतं. आपल्या जाडसर घावनाच्या जवळचा प्रकार, आणि कान तोडून खाता येतात म्हणून हट्टी मुलंही चव घेतात. त्यात अंडं असतं. सासूबाई अंडं खात नसल्या तर आधीच सांगून टाक, नंतर कळलं तर दोन दिवस अबोला. ॲनिमल किंगडममध्ये पँडोरा भागात सातुली कँटीन आहे, तिथे बोलमध्ये भात आणि काळे घेवडे मिळतात. घेवड्यांकडे ती बघणार नाही, पण पांढऱ्याच्या जवळ जाणारं काही दिसलं की तिला आणि तुला दोघींनाही धीर येतो. त्याच पार्कजवळच्या ॲनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचं हॉटेल आहे. तिथे नान आणि त्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या-रायती येतात, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. सासू-सासरे तिसऱ्या दिवशी पिझ्झ्याला कंटाळतील तेव्हा ते तुला वाचवेल. केळी बऱ्याच ठिकाणी मिळतात, ती घरून नेऊ नकोस, पिशवीत काळी पडतात. फ्राइजचं म्हणशील तर दिवसातून एकदा खाल्ल्या तर खाल्ल्या. माझा मुलगा आता सहा फूट उंच आहे.

आणि ती खरंच जेवली नाही तर? चार दिवस भात कमी गेला तर काही बिघडत नाही. पाणी कमी गेलं तर बिघडतं. घास मोजण्याऐवजी ओले डायपर मोज. आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, ओठ कोरडे पडलेत, पोर मलूल होऊन खांद्यावर पडून राहतंय, असं काही दिसलं तर राइड-बिइड सोडून सरळ फर्स्ट एड गाठायचं. मॅजिक किंगडममध्ये ते बेबी केअरच्या शेजारीच आहे. खेळतेय, पळतेय, भांडतेय, तोवर तिच्या पोटात जे काही गेलं आहे ते पुरेसं आहे.

राहिलं पूहचं बुकिंग. मॅजिक किंगडममध्ये पूह येतो ते क्रिस्टल पॅलेस. तसली बुकिंगं साठ दिवस आधी उघडतात आणि त्यावर टपून बसावं लागतं. नवऱ्याने एवढी खटपट केलीये, त्याचा हिरमोड करू नकोस. बुफे आहे, तीनच्या आतल्या मुलाला वेगळे पैसे पडत नाहीत, म्हणजे तिने फक्त पाव कुरतडला तरी तुमचं नुकसान शून्य. फक्त वेळ दुपारी एकची वगैरे असेल तर बदलून सकाळची घ्या. मिळाली नाही तर आदल्या दिवशीच रद्द करा, ऐनवेळी केलं तर माणशी पैसे कापतात. आणि ते तिचं जेवण धरू नकोस. तिला आधी खोलीत थोडं खाऊ घालून ने, दशमीच्या दोन पट्ट्या पिशवीत असू देत. अस्वलाचा वेश घातलेला हा पूह बापापेक्षा मोठा असतो आणि बोलत नाही, नुसता जवळ येतो. अडीच-तीन वर्षांची निम्मी मुलं तिथे भोकाड पसरतात. तिला भिंतीच्या बाजूला, तुझ्या मांडीजवळ बसव. सासऱ्यांना बाहेरच्या खुर्चीवर बसव आणि आधीच सांगून ठेव की पूह आला की पहिला हात त्यांनी मिळवायचा.